शिफारसपत्रात 'लाजाळू' लिहिलंय, अर्जाला नडेल का?

सुरंगी_वेंगुर्ला

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

लेक बारावी सायन्सला आहे, सावंतवाडीला जाऊन-येऊन करते. जीवशास्त्र, त्यातही समुद्राकडचं काहीतरी शिकायचं म्हणते. सीईटी देणारच आहे, पण मावसभावाच्या नादाने अमेरिकेतल्या चार-पाच कॉलेजांनाही अर्ज करतेय, पूर्ण आर्थिक मदत मिळाली तरच जायचं या बोलीवर. शिवाय बेंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ. (पैशांवरून इथे रामायण नको, ते घरात चालू आहे.)

मुद्दा असा. जीवशास्त्राच्या सरांनी शिफारसपत्र लिहिलं आणि पाठवण्याआधी आपणहून आम्हाला वाचायला दिलं. सर भले आहेत, तिच्यासाठी सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळा उघडून दिली आहे त्यांनी. पत्रात म्हटलंय की मुलगी हुशार, नियमित, आज्ञाधारक आहे. स्वभावाने लाजाळू असून वर्गात फारशी बोलत नाही, पण विचारलं की अचूक उत्तर देते. आपल्याकडे हे कौतुकच झालं. मावसभाऊ मात्र फोनवर ओरडलाच, "मावशी, ते वाक्य आधी काढायला सांग. तिकडे वाचणारा म्हणेल पोरीत दम नाही."

खरंच असं असतं का? सरांना तसं सांगणं बरं दिसेल का? आणि मुलाखतीचं काय करायचं? घरी पाहुणे आले की ही अजून पुस्तक घेऊन माळ्यावर जाते.

बांगडा_फ्राय

रुमाल टाकून ठेवतो.

माळ्यावर जागा असेल तर कळवा. मे महिन्यात आमच्याकडे मुंबईचे पाहुणे येतात.

तात्या_देवगड

कशाला हवी ही उठाठेव? सीईटी द्या, पर्सेंटाइल येईल, कॅप राउंडला ऑप्शन फॉर्म भरा. तिथे पोरगी लाजते की नाचते, कोणी विचारत नाही. आपली पद्धत याबाबतीत जगात भारी आहे. माझा मुलगा चार माणसांत तोंड उघडत नसे. त्याच पद्धतीने इंजिनियर झाला आणि आज पुण्यात बरा कमावतो.

देवरूखची_कार्टी

तात्या, आणि त्या बऱ्या कमावत्याला कॅम्पसला ग्रुप डिस्कशनमध्ये कोणी बोलू दिलं का, तेही सांगा. प्रवेशाला विचारत नाहीत हे खरं, पण चार वर्षांनी नोकरीच्या दारात तेच विचारतात. फक्त पुढे ढकललेलं असतं.

तात्या_देवगड

पहिल्या दोन कंपन्यांनी घेतलं नाही. तिसरीने कोडिंगची परीक्षा घेतली, तिथे लागला. तुझा मुद्दा अर्धाच मान्य.

जर्सीकर

मूळ गाव गुहागर, सध्या न्यू जर्सी. ज्या कॉलेजात शिकलो त्यांच्यासाठी हिवाळ्यात अर्जदार मुलांच्या मुलाखती घेतो. फुकट, हौसेने. त्यामुळे थोडं लांबण लावतो.

सुरंगीताई, मुलाखत हा प्रकार तुम्हाला वाटतो तेवढा मोठा नाही. बऱ्याच कॉलेजांत ती ऐच्छिक असते, कुठे कुठे नसतेच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली, लॉस एंजेलिस वगैरे शाखा पदवीसाठी मुलाखत घेत नाहीत, आठांतले चार प्रश्न निवडून प्रत्येकी ३५० शब्दांत उत्तरं लिहायला सांगतात. जिथे मुलाखत असते तिथेही समोर बहुतेकदा माझ्यासारखा माजी विद्यार्थी असतो. तो टिपण लिहून पाठवतो, निर्णय त्याच्या हातात नसतो.

आता लाजण्याबद्दल. लाजरी मुलं मला दर वर्षी भेटतात. त्यांचं लाजणं नडत नाही, एका शब्दात उत्तर देऊन थांबणं नडतं. "फावल्या वेळात काय करतेस?" "वाचते." "काय वाचतेस?" "पुस्तकं." मी घरी जाऊन काय लिहू? याउलट एक मुलगा आला, पहिली दहा मिनिटं टेबलाकडे बघत होता. हातात जुनं चावीचं घड्याळ दिसलं म्हणून सहज विचारलं. ते त्याने स्वतः दुरुस्त केलेलं निघालं. मग त्याने माझ्या कॉफीच्या कपाखालचा कागदी रुमाल ओढून घेतला आणि त्यावर स्प्रिंग आणि दातेरी चाकं काढून दाखवायला लागला. एकदाही नजर वर केली नाही, पण अर्धा तास थांबलाही नाही. त्याच्याबद्दलचं माझं टिपण त्या हिवाळ्यातलं सगळ्यात मोठं झालं.

खाडीपलीकडे

जर्सीकर, तुमचा अनुभव चांगला आहे, पण एक दुरुस्ती: कॅलिफोर्नियाची ही सरकारी विद्यापीठं परदेशी मुलांना गरजेनुसार आर्थिक मदत देत नाहीत. ताईंची अटच पूर्ण मदतीची आहे, तेव्हा ते दार बंद. उरतात ती खासगी कॉलेजं, आणि पत्रं, निबंध, 'व्यक्तिमत्त्व' हे सगळं तिथेच वजनदार असतं.

जर्सीकर

बरोबर.

मास्तरीणबाई

मी रत्नागिरीत ज्युनियर कॉलेजला शिकवते. एका विद्यार्थ्यासाठी कॉमन ॲपचा (अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायची वेबसाइट) शिक्षकांचा फॉर्म भरलाय, म्हणून आतली गोष्ट सांगते.

मी भरला तेव्हा पत्राच्या जोडीला एक तक्ता होता. अभ्यासातली गती, लेखन, वर्गातल्या चर्चेतला सहभाग, नेतृत्व, आत्मविश्वास, पुढाकार, अपयश आल्यावर कसा वागतो, इतरांबद्दल आस्था, अशी लांबलचक यादी. प्रत्येकापुढे 'सरासरीपेक्षा कमी' पासून 'आजवर पाहिलेल्या मोजक्या उत्तम विद्यार्थ्यांपैकी' पर्यंत खूण करायची. 'वर्गातल्या चर्चेतला सहभाग' इथे मी पेन हातात धरून बसले. म्हणजे माऊस. माझ्या वर्गात ऐंशीच्या वर मुलं, तास पाऊण तासाचा, त्यात हजेरी. पोर्शन डिसेंबरात संपवायचा. चर्चा करतो कोण? आम्ही बालवाडीपासून 'हाताची घडी, तोंडावर बोट' शिकवतो आणि जो ते नीट शिकला त्याला आता या रकान्यात मार्क नाहीत. त्या तक्त्यात 'सांगता येत नाही' अशा अर्थाचाही पर्याय होता. मी त्यावर खूण केली आणि पत्रात लिहिलं की आमच्याकडे वर्गात चर्चेची पद्धत नाही, म्हणून हा मुलगा काय विचार करतो ते मला त्याच्या वहीवरून आणि प्रयोगाच्या टेबलावरून कळलं. मग दोन प्रसंग लिहिले.

तेव्हा ताई, सरांना 'हे काढा' म्हणू नका. पत्र त्यांचं आहे आणि तुमच्या लेकीबद्दल खोटं काही लिहिलेलं नाही. पण त्यांच्या हातात मालमसाला द्या. तिकडची मुलं शिक्षकांना स्वतःबद्दल एक पानभर माहिती लिहून देतात, त्यात कोणाला गैर वाटत नाही. आपल्या मुलांना ते स्वतःची टिमकी वाजवल्यासारखं वाटतं. नुसतं 'लाजाळू पण हुशार' हे वाक्य माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींना लागू पडेल. अडचण तीच आहे.

निळू_दापोली

मास्तरीणबाईंना +१०००.

दहावीच्या तोंडी परीक्षेचे २० मार्क आठवले. शेजारच्या मुलाने 'पाठ आठवत नाही' एवढंच वाक्य बोलून दाखवलं, त्याला १८. मी कविता अख्खी म्हटली, मला १९. एका मार्कासाठी एवढी लाज खर्च केली.

बांगडा_फ्राय

कोकण बोर्ड २०१२ मध्ये सुरू झालं तेव्हापासून निकालात राज्यात पहिलं येतंय. ते २० मार्क कुठून येतात ते आता कळलं. (हलके घ्या.)

खाडीपलीकडे

थट्टा पुरे. मावसभाऊ उगाच ओरडलेला नाही, हे कोणीतरी सांगायला हवं.

प्रवेशात आशियाई मुलांना डावलतात म्हणून हार्वर्ड विद्यापीठावर झालेला खटला आठवतोय का? २०१४ मध्ये दाखल झाला, २०१८ मध्ये बोस्टनला सुनावणी झाली. त्यात बाहेर आलं की अर्जदाराला अभ्यास, इतर उपक्रम, खेळ यांसोबत एक 'व्यक्तिगत' गुणांकन देतात, आणि त्यात आशियाई वंशाच्या मुलांना सरासरीने कमी गुण पडत होते. अभ्यासात मात्र तीच मुलं पुढे. फिर्यादींचं म्हणणं होतं की प्रत्यक्ष भेटलेले माजी विद्यार्थी या मुलांना गोऱ्या मुलांच्या बरोबरीने गुण देतात, आणि न भेटता कागद वाचणारं ऑफिस कमी देतं. आता गंमत बघा. २०१९ च्या निकालात न्यायाधीश ॲलिसन बरोज यांनी हार्वर्डने जाणूनबुजून भेदभाव केल्याचं मानलं नाही, पण हा फरक काही अंशी शिक्षक आणि समुपदेशकांच्या शिफारसपत्रांतून आलेला असू शकतो असं म्हटलं. म्हणजे ताई, नेमका तुमचा प्रश्न!

त्याच्याही आधी, १९९० मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याने हार्वर्डची चौकशी पूर्ण केली होती. अर्ज वाचणाऱ्यांच्या शेऱ्यांत आशियाई मुलांना शांत, लाजाळू, गणित-विज्ञानवाली, कष्टाळू असं पुन्हा पुन्हा म्हटलेलं त्यात सापडलं. एका मुलाबद्दल तर अशा अर्थाचा शेरा होता की हा शांत आहे आणि अर्थातच त्याला डॉक्टर व्हायचंय. त्या 'अर्थातच'मध्ये सगळं आलं. तेव्हा सरांचं वाक्य भोळं असलं तरी ते एका तयार साच्यात जाऊन बसतं. मी असतो तर काढायलाच सांगितलं असतं.

जर्सीकर

खाडीपलीकडे, माहिती बरोबर, निष्कर्ष अर्धवट. तो खटला अमेरिकेत वाढलेल्या आशियाई वंशाच्या मुलांचा होता. वेंगुर्ल्याहून अर्ज करणारी मुलगी परदेशी अर्जदारांत मोजली जाते, आणि वाचणाऱ्याला भारतातली शाळा म्हणजे काय याची थोडीफार कल्पना असते. आणि २०२३ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने प्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई केली त्याला आता काळ लोटला.

खाडीपलीकडे

मनाई वंशाचा विचार करायला झाली. 'मुलगी बुजरी वाटते' असा विचार करायला कोणी मनाई केलेली नाही.

जर्सीकर

हे मात्र मान्य करावं लागेल.

सुहासिनी_का

कोणी एक गोष्ट बोललं नाही म्हणून बोलते. मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत 'हळू बोल', 'मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस', 'दारात उभी राहून हसू नकोस'. मग एक दिवस 'अगं, कॉन्फिडन्स कुठाय तुझा?' माझ्या सासूबाई म्हणायच्या, पोर कशी गरीब गाय आहे. तीच पोर बँकेच्या परीक्षेत लेखीला वरच्या नंबरात आली आणि मुलाखतीत गेली. घरात दोन दिवस सुतक असल्यासारखं वातावरण. त्या दिवशी सासूबाई काय म्हणाल्या असतील? "हिला बोलताच येत नाही मेली."

सरांच्या पत्रात 'आज्ञाधारक' आहे ना? मला विचाराल तर 'लाजाळू'पेक्षा त्याची काळजी करा.

मास्तरीणबाई

सुहासिनी, शेवटचं वाक्य शंभर टक्के. आम्ही शिक्षक 'आज्ञाधारक' हे सर्वोच्च पदक म्हणून देतो.

गजालीकार

माजो काको दशावतारात काम करता. घराकडे तेच्या तोंडातसून चार शब्द काढूचे म्हणजे विहिरीत पडलेली घागर काढूची. चाय होयी तरी मानेन सांगता. आणि रातीक तोंडाक रंग लागलो काय तोच माणूस राजा जावन पाठ केल्याबिगर घंटाभर बोलता. संवाद लिवलेले नसतत हां, सगळा थयल्या थय. तेका कोणी 'लाजाळू' म्हणून पत्र लिवन दिला तर नाटक कंपनी घेतली असती काय? पण पत्र लिवणाऱ्यान रातीचो काको बघूक व्हयो ना!

म्हणून वैनी, तुमचा चेडू खय बोलता ता सांगा. खय तरी बोलत असतलाच.

बांगडा_फ्राय

गजालीकारा, जिंकलास.

आमच्या वाडीत एक मुलगा शाळेत मुका आहे अशी मास्तरांची समजूत होती. गणपतीत 'घालीन लोटांगण'ला त्याचा वरचा सूर ऐकून मास्तर आरती विसरले.

होमस्टेवाली_तारकर्ली

माझं उलटं गाऱ्हाणं. आमचा मुलगा पाहुण्यांशी हिंदी, इंग्रजी, मोडकी गुजराती, सगळ्यात बोलतो. डॉल्फिन कुठे दिसतील यावर भाषण देतो. दिसले नाहीत तर का दिसले नाहीत यावर त्याहून मोठं देतो. बारावीच्या केमिस्ट्रीशी मात्र तो अजिबात बोलत नाही. कोणाला बोलका मुलगा हवा असेल तर अदलाबदल करू.

फौजी_चिपळूण

माझे २ पैसे. एसएसबीचे, म्हणजे सैन्यातल्या अधिकारी निवडीचे, पाच दिवस मी पाहिलेत. पहिल्याच दिवशी चित्र दाखवून गोष्ट लिहायला लावतात, मग त्यावर गटात चर्चा, आणि संध्याकाळपर्यंत बरेच जण परत जातात. सगळ्यांना वाटतं तिथे मोठ्याने बोलणारा टिकतो. आमच्या गटात जो सगळ्यांवर ओरडत होता तो पहिल्या दिवशी घरी गेला. एक मुलगा कमी बोलला, पण दुसऱ्याचं वाक्य अर्धवट तुटलं की 'याचं पूर्ण ऐकूया' म्हणायचा. तो शेवटपर्यंत होता.

पण हेही सांगतो, अजिबात न बोलणाराही घरी गेला. तेव्हा 'लाजणं म्हणजे खोली' असं उगाच गोंजारू नये.

अबोली_मानस

मानसोपचार क्षेत्रात काम करते. इथे दोन गोष्टींची सरमिसळ होतेय. माणसांच्या गर्दीपेक्षा पुस्तक बरं वाटणं ही आवड झाली. बोलावंसं वाटतं, पण 'लोक काय म्हणतील' या धास्तीने घसा सुकतो, ते लाजणं. ताईंची मुलगी कुठल्या बाजूची आहे ते माळ्यावर जाण्यावरून कळत नाही.

लाजणं दुर्मीळ मुळीच नाही. स्टॅनफर्डमध्ये फिलिप झिम्बार्डो यांनी १९७० च्या दशकात केलेल्या पाहण्यांत ४० टक्क्यांच्या आसपास लोकांनी स्वतःला लाजाळू म्हटलं होतं. अर्ज वाचणाऱ्यांतही अशी माणसं असणारच. मात्र तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री उलट्या होणं, कॉलेज बुडवणं, फोन उचलायचा टाळणं असं काही असेल तर तो अर्जाचा प्रश्न राहत नाही. तेव्हा तज्ज्ञांना दाखवा, त्यावर चांगले उपचार आहेत. तसं नसेल तर सराव पुरतो. आरशासमोर नको, जिवंत माणसासमोर. आधी ओळखीच्या, मग अनोळखी.

सुरंगी_वेंगुर्ला

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. अबोलीताई, उलट्या वगैरे काही नाही, जेवते-झोपते व्यवस्थित.

गजालीकारांनी विचारलं म्हणून विचार केला, खय बोलता? सकाळी किनाऱ्यावर रापण ओढतात तिथे. आमचं घर जवळच आहे. आठवीत असल्यापासून सुट्टीच्या दिवशी जाते. जाळं वर आलं की बायका मासळी निवडायला बसतात, त्यांच्यात ही उकिडवी बसते आणि एका वहीत लिहिते: तारीख, वारा कुठला, भरती-ओहोटी, काय काय लागलं. पेडवे, बांगडे, सौंदाळे, मुडदुशे, लेपे. पट्टी वहीला दोऱ्याने बांधलेली आहे, तिने एक-दोन मासे मोजते. ज्याचं नाव कळत नाही त्याचं चित्र काढते आणि म्हाताऱ्यांना विचारते. एका मासळीची दोन म्हाताऱ्यांनी दोन नावं सांगितली तेव्हा ही त्यांच्याशी चक्क वाद घालत होती, मी कठड्यावरून पाहिलं. वहीला मासळीचा वास येतो म्हणून मी ती पडवीत ठेवायला लावते.

पण हे काही अभ्यासातलं नाही, सरांना माहीतही नाही.

जर्सीकर

ताई!!!

मास्तरीणबाई

'अभ्यासातलं नाही' म्हणे. ती वही आजच्या आज पडवीतून घरात घ्या.

देवरूखची_कार्टी

आणि सरांना दाखवा. जीवशास्त्राचे सर आहेत ना, उद्या तेच किनाऱ्यावर येतील.

निळू_दापोली

शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाचाही विचार करा हो, आपल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं आहे. अमेरिकेच्या नादात रत्नागिरी विसरू नका.

खाडीपलीकडे

सावकाश, मंडळी. आता ६५० शब्दांचा निबंध तयार होईल: 'मी, समुद्र आणि माझी वही.' पहिल्या वाक्यात सूर्योदय, शेवटच्या वाक्यात मानवजात. असले निबंध वाचणाऱ्यांनी पोत्याने वाचलेत. पोरीने चार वर्षं स्वतःपुरतं केलेलं काम आहे, त्याचं प्रदर्शन मांडायचं की नाही ते तिला विचारा.

जर्सीकर

या वेळी खाडीपलीकडेंशी पूर्ण सहमत. निबंध नसला तरी चालेल. कॉमन ॲपमध्ये उपक्रमांच्या दहा जागा असतात, प्रत्येकाचं वर्णन १५० अक्षरांत. तिथे एका ओळीत वही येऊ द्या. आणि हो, घरच्या जबाबदाऱ्या असाही एक प्रकार त्या यादीत आहे. आंब्याच्या सीझनमध्ये पेट्या भरणं, आजीला सांभाळणं, दुकानावर बसणं हे लिहायला आपली मुलं लाजतात. लिहावं.

बांगडा_फ्राय

१५० अक्षरांत माझा प्रयत्न: "४ वर्षे रापणीच्या मासळीची नोंद. तारीख, वारा, भरती, जाती, लांबी. अनोळखी माशांची चित्रे. २ म्हाताऱ्यांशी वाद, निकाल प्रलंबित." अक्षरं उरली तर बांगड्याचा भाव टाका.

तात्या_देवगड

हे बरं जमलंय. बांगड्या, तुला अर्ज लिहायचं दुकान काढायला हरकत नाही.

सुरंगी_वेंगुर्ला

धागा वर काढतेय, मध्ये घरात आजारपण होतं.

लेकीला हा धागा वाचायला दिला. आधी "आई, तू माझी वही इंटरनेटवर टाकलीस?" यावर अबोला. मग हसली, बांगडा_फ्राय यांच्या १५० अक्षरांना. निबंध वहीवर लिहायला साफ नकार दिला. म्हणाली, ती वही मी कोणाला दाखवायला केलेली नाही. उपक्रमांत एक ओळ घालायला तयार झाली. निबंध सावंतवाडीच्या एसटीवर लिहिलाय, मला वाचायला दिलेला नाही.

सरांकडे मात्र ती वही घेऊन स्वतः गेली, मी सोबत गेले नाही. सरांनी पाऊण तास वही चाळली म्हणे आणि एका चित्रावर बोट ठेवून 'हा मला माहीत नाही' म्हणाले. त्याचं तिला भारी वाटलंय. पत्रातलं 'लाजाळू' त्यांनी काढलं नाही. म्हणाले, खरं आहे ते राहू दे. पण 'आज्ञाधारक' गेलं आणि त्या जागी वहीबद्दल एक परिच्छेद आला. असं तिने सांगितलं, नवं पत्र आम्ही वाचलेलं नाही. फॉर्मवर पत्र बघण्याचा हक्क सोडल्याची खूण तिने केली आहे, त्यामुळे आता मागायचंही नाही म्हणते.

मास्तरीणबाई

त्या सरांना माझा नमस्कार सांगा. हक्क सोडला ते उत्तम, वाचणाऱ्याचा पत्रावर जास्त भरवसा बसतो.

खाडीपलीकडे

मी अजूनही ते विशेषण काढलं असतं. पण परिच्छेद आला हे चांगलं झालं.

सुहासिनी_का

'आज्ञाधारक' गेलं! पेढे कुठे आहेत?

सुरंगी_वेंगुर्ला

पेढे प्रवेशानंतर. अजून एक विचारायचं राहिलं. एका कॉलेजाकडून ऑनलाइन मुलाखतीची मेल आली आहे, वेळ आपण निवडायची. इकडे संध्याकाळी लाइट जाते, सकाळी नेट बरं चालतं. कुठली वेळ देऊ?

जर्सीकर

हिवाळ्यात तुम्ही न्यूयॉर्कच्या साडेदहा तास पुढे. इथले संध्याकाळचे ७ म्हणजे तुमचे पहाटेचे साडेपाच, इथले सकाळचे ९ म्हणजे तुमचे संध्याकाळचे साडेसात. इथले रात्रीचे साडेआठ मागा, तुमच्याकडे सकाळचे ७ होतील. नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना ती वेळ जमते. आधी सराव हवा असेल तर मी एकदा बसायला तयार आहे. व्यनि (खासगी निरोप) करा. आईने कॅमेऱ्याच्या मागे उभं राहून खुणा करायच्या नाहीत, ही एकच अट.

होमस्टेवाली_तारकर्ली

इन्व्हर्टर असला तरी राउटर त्याच्यावर जोडलाय का ते आधी बघा. आमच्याकडे बल्ब चालू आणि वायफाय बंद असा प्रकार होतो. मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा, दुसऱ्या कंपनीच्या सिमचा.

खाडीपलीकडे

आणि ताई, पूर्ण मदत मागताय तर सीएसएस प्रोफाइल हा पैशांचा फॉर्म मुलाखतीपेक्षा जास्त घाम काढतो. आंबा-काजूचं उत्पन्न, सामाईक सातबारा, काकांच्या नावावरचं घर, सगळं विचारणार. मुदत कॉलेजगणिक वेगळी असते, आजच बघून घ्या. त्यावर वेगळा धागा काढा, इथे नको, तात्या पैशांवर सुरू झाले तर आवरणार नाहीत.

तात्या_देवगड

सामाईक सातबाऱ्यावर मी बोलणारच. काढा धागा.